ऑफिसच्या टेबलावरच्या फोनमध्ये कॉन्टॅक्ट कसे भरायचे आणि भरल्यावर ते सडू कसे द्यायचे नाहीत

आमच्या ऑफिसात (भोसरी एमआयडीसी, फॅब्रिकेशनचं काम, ऑफिसची मिळून १४ टेबलं) जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे) बसवले तेव्हा वेंडरच्या माणसाने दोन तासात सगळे फोन लावले, एकेक कॉल करून दाखवला आणि निघाला. कॉन्टॅक्टचं काय म्हणून विचारलं तर म्हणे ते मेन्यूमध्ये आहे मॅडम, एकदम सोपं आहे. सोपं आहे हे खरंच, पण सोपं आहे म्हणूनच सगळ्यांनी आपापल्या मनाने भरलं आणि तीन महिन्यांनी अशी अवस्था की एकाच ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर पाच फोनमध्ये पाच नावांनी, त्यातले दोन लागत नाहीत, एक बंद पडलेला, आणि खरा चालू नंबर कुठे तर रिसेप्शनच्या जुन्या डायरीत. तीच ती कडेला ए ते झेड कापलेली, रबरबँड लावलेली डायरी. शेवटी ते सगळं निस्तरायचं काम ॲडमिनकडे म्हणजे माझ्याकडे आलं. तेव्हा जे शिकले ते लिहितेय, कोणाचं तरी डोकं वाचेल.

आमच्याकडे टेबलांवर येलिंकचे टी३१पी आहेत आणि रिसेप्शनला टी४३यू, त्यामुळे बटणांची नावं मी त्याच फोनची सांगणार. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा असेल तर मेन्यूचे शब्द वेगळे असतील पण मामला तोच, कुठेतरी डिरेक्टरी किंवा फोनबुक किंवा कॉन्टॅक्ट्स असं लिहिलेलं असणारच. सिस्कोचे फोन असतील तर तिथे कंपनीची सामायिक यादी वेगळी आणि तुमची स्वतःची वेगळी, स्वतःच्या यादीत शिरायला बहुतेक ठिकाणी युझर आयडी आणि पिन लागतो, तो तुमच्या आयटीवाल्याकडून घ्या, अंदाजाने मारत बसू नका.

फोनला हात लावायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण नव्वद टक्के "फोन लागत नाही" ची बोंब इथेच असते. लँडलाइनवरून मोबाईलला लावायचं तर पुढे शून्य लागतं. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर हा नियम आहे, ट्रायने (दूरसंचार नियामक) शिफारस केली आणि दूरसंचार खात्याने लागू केला, कारण काय तर पुढे शून्य आलं की मोबाईलसाठी जवळजवळ अडीचशे कोटी नवीन नंबर मोकळे होतात. मोबाईलवरून मोबाईलला शून्य लागत नाही त्यामुळे आपल्याला ती सवयच नसते, आपण आपल्या मोबाईलमध्ये बघून दहा आकडे जसेच्या तसे टेबलावरच्या फोनमध्ये टाकतो, आणि मग फोन लावला की "कृपया नंबर के पहले शून्य लगाएं" ऐकत बसतो. तर नियम एकच, ऑफिसच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करताना तो तसा सेव्ह करायचा जसा तो फोन डायल करणार आहे.

म्हणजे मोबाईल असेल तर शून्य अधिक दहा आकडे. बाहेरगावची लँडलाइन असेल तर एसटीडी कोडसकट, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१, छत्रपती संभाजीनगर ०२४०, सातारा ०२१६२, नागपूर ०७१२, पणजी ०८३२ असं. परदेशातला असेल तर ०० आणि मग देशाचा कोड, आमचा एक मशीनवाला जर्मनीचा आहे त्याचा नंबर ००४९ ने सुरू होतो. अधिकचं चिन्ह, जे मोबाईलमध्ये आपण लावतो ना ९१ च्या आधी, ते टेबलावरच्या फोनच्या नंबरात टाकूच नका, कधी चालतं कधी नाही. मधे स्पेस नको, डॅश नको, कंसात कोड नको. १८०० वाले टोल फ्री मात्र जसेच्या तसे, त्यांना पुढे शून्य नाही.

आणि एक छान खूण सांगते जी मला खूप उशिरा लक्षात आली. भारतातला कुठलाही साधा नंबर घ्या, मोबाईल असो की लँडलाइन, पुढचं शून्य काढलं की बरोबर दहा आकडे उरतात. पुण्याचा २० आणि पुढे आठ आकडे, नाशिकचा २५३ आणि पुढे सात, साताऱ्याचा २१६२ आणि पुढे सहा, मोजून बघा. म्हणजे शून्य धरून प्रत्येक नंबर ११ आकडी. यादीत दहा किंवा बारा आकडी काही दिसलं की समजायचं इथे झोल आहे. (टोल फ्री, एक्स्टेन्शन म्हणजे ऑफिसातले आतले छोटे नंबर, परदेशी आणि १०८ सारखे छोटे नंबर सोडून, ते वेगळे.)

आता ज्यांच्याकडे अजून जुना ईपीएबीएक्स आहे आणि बाहेरची लाईन घ्यायला आधी ० किंवा ९ दाबावं लागतं त्यांच्यासाठी अजून एक पायरी. तिथे कॉन्टॅक्टमध्ये तो आकडाही नंबराच्या पुढे लागतो, म्हणजे बाहेरच्या लाईनचा ० आणि मोबाईलचा ०, असे दोन शून्य. बघायला विचित्र दिसतं, नवीन माणसाला वाटतं हा परदेशातला नंबर आहे, पण पहिलं शून्य ईपीएबीएक्स खाऊन टाकतो आणि दुसरं पुढे जातं. काही सिस्टिममध्ये वेंडरने आतच नियम लावलेला असतो की दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी कशानेही सुरू होणारा नंबर आला की शून्य आपोआप लाव. असा नियम तुमच्याकडे लावून घेता आला तर नक्की घ्या, वेंडरच्या भाषेत डायल प्लॅन म्हणतात त्याला, त्याचा फायदा काय ते खाली मिस्ड कॉलच्या भागात सांगते. पण नियम आहे का नाही हे माहीत नसेल तर स्वतःच्या मोबाईलवर एकदा शून्य लावून आणि एकदा न लावता फोन करून बघा, दोन मिनिटांचं काम.

पुढचं नावांचं. हे मला नंबरांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं आणि याच्यावरच लोक सगळ्यात कमी डोकं चालवतात.

फोनचे बटण दाबून नाव टाकायचं म्हणजे इंग्रजी अक्षरातच टाकायचं, आणि मराठी आडनाव इंग्रजीत लिहायचं म्हणजे प्रत्येकाचं स्वतंत्र राज्य. वाघमारे व्ही ने की डब्ल्यू ने? शिंदे मध्ये एच आहे का? चौधरी मध्ये एयू, ओयू की ओडब्ल्यू? क्षीरसागर तर विचारूच नका. आमच्याकडे एकाने वाघोलीचा गोडाऊनवाला व्ही ने टाकलेला आणि सगळे डब्ल्यू मध्ये शोधतायत, मग सापडत नाही म्हणून दुसऱ्याने परत डब्ल्यू ने टाकला, झाले दोन. तेव्हा बसून ठरवा, एक पान पुरतं. आम्ही ठरवलं की वा नेहमी डब्ल्यू, वि आणि वे ला व्ही, श ला नेहमी एसएच, आणि माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर जे स्पेलिंग असेल ते आपल्या नियमात बसत नसलं तरी आपलंच स्पेलिंग वापरायचं, कारण आपल्याला शोधायचंय, त्याला पत्र नाही लिहायचं.

दुसरं म्हणजे सुरुवातीला काय येणार. टी३१पी ची स्क्रीन छोटी आहे, लांब नाव मागून कापलं जातं. आता तुमच्याकडे "पाटील सर स्टील सप्लायर चाकण" आणि "पाटील सर सीए ऑफिस" असे दोघं असतील तर स्क्रीनवर दोन्ही ठिकाणी पाटील सर एवढंच ठळक दिसणार. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्या ऑफिसात पाटील एकच असतो हो? आमच्याकडे सहा आहेत, तीन जोशी, आणि कुलकर्णी मोजायचं सोडून दिलंय. म्हणून कामाचा शब्द आधी, माणूस नंतर. स्टील पाटील, सीए पाटील, गॅस जोशी, क्रेन शेख. ऐकायला गंमत वाटते पण प्रत्यक्षात आपण बोलतोही तसंच ना, "अरे तो क्रेनवाला शेख लाव जरा". सर, मॅडम, साहेब, श्री हे काहीही नावात टाकायचं नाही, प्रत्यक्ष बोलताना आदर द्या, डिरेक्टरीत जागा कमी आहे. आणि कंपनीतला माणूस बदलतो, काम बदलत नाही, त्यामुळे स्टीलवाल्याकडे उद्या पाटलांच्या जागी दुसरे कोणी आले तरी तुमचं बोट स्टील वरच जातं.

जे नंबर एकदम वरती दिसायला हवेत (फायर १०१, ॲम्ब्युलन्स १०८, कुठल्याही आणीबाणीसाठी ११२, वीज तक्रार १९१२) त्यांच्या नावाआधी दोनदा ए टाका म्हणजे यादी अक्षरानुसार लागली की ते डोक्यावर येतात. यांच्यासाठी बाहेरच्या लाईनचा आकडा लागतो का ते आधी वेंडरला विचारून घ्या, उगाच टेस्ट म्हणून १०८ ला फोन लावू नका, तिथे खरा फोन कोणाचा तरी अडकतो.

बरं आता प्रत्यक्ष भरायचं. एक दोन नंबर असतील तर फोनवरूनच. खाली स्क्रीनला लागून जी चार बटणं आहेत त्यात डिरेक्टरी असेल ते दाबा, मग ऑल कॉन्टॅक्ट्स, मग ॲड. पहिलं नाव विचारतो. टाईप करायचं म्हणजे जुन्या नोकियासारखं, २ एकदा दाबलं की ए, दोनदा बी, तीनदा सी, एस पाहिजे तर ७ चार वेळा. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात बेंचखाली हात ठेवून न बघता एसएमएस केलेत त्यांना काही अवघड नाही, ऑफिसातल्या नवीन पोरांना मात्र हे शिकवावं लागलं आणि ती आमच्याकडे म्युझियममधल्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती. खाली एका बटणावर एबीसी किंवा १२३ असं दिसतं ते दाबून कॅपिटल, स्मॉल, आकडे असं बदलता येतं. नाव झालं की खाली बाणाने उतरत जायचं.

खाली नंबरांसाठी तीन जागा येतात, ऑफिस, मोबाईल आणि अदर. बहुतेक लोक एक भरून सेव्ह करून मोकळे होतात. इथे थांबा, कारण या तीन जागांचा एक भारी उपयोग आहे. तुम्ही नंबर शून्य लावून सेव्ह केला म्हणजे लावताना लागेल, पण तोच माणूस जेव्हा तुम्हाला फोन करेल तेव्हा स्क्रीनवर नंबर कसा येतो? कधी नुसते दहा आकडे, कधी शून्यासकट, कधी ९१ लागून, हे लाईन कोणाची आहे आणि सिस्टिम कशी लावलीय त्यावर असतं. आणि सेव्ह केलेल्या नंबराशी जुळला नाही तर नाव न येता नुसता नंबर येतो, मग रिसेप्शनवरून "कोण बोलतंय" असं नेहमीच्याच पार्टीला विचारलं जातं आणि पार्टीला राग येतो. तर उपाय असा, पहिल्या जागेत लावायचा नंबर (शून्यासकट), आणि अदरच्या जागेत तो नंबर येताना जसा दिसतो तसा. मग लावायलाही चालतो आणि येतानाही नाव दिसतं. फक्त एवढंच की लावताना फोन विचारतो यातला कोणता लावू, तेव्हा पहिला घ्यायचा. हे सगळ्यांसाठी करत बसू नका, जे पंधरा वीस लोक रोज फोन करतात तेवढ्यांसाठी करा.

त्याच्या खाली अजून जागा असतात, रिंग, ग्रुप वगैरे. रिंग एका माणसासाठी वेगळी लावता येते. आम्ही मोठ्या साहेबांच्या मोबाईलला वेगळी रिंग लावली, ती वाजली की सगळं ऑफिस सरळ बसतं. ऑटो डायव्हर्ट म्हणून एक जागा आहे ती मात्र खरंच कामाची, त्यात दुसरा नंबर टाकला की त्या माणसाचा फोन आला की आपोआप तिकडे जातो. आमचा एक ट्रान्सपोर्टवाला रोज रिसेप्शनला फोन करून स्टोअर मागायचा, दिवसातून सहा वेळा, त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये ऑटो डायव्हर्टला स्टोअरचं एक्स्टेन्शन टाकलं, विषय संपला. फक्त टाकलंय हे कुठेतरी लिहून ठेवा नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारेल याचा फोन माझ्याकडे वाजतच कसा नाही. शेवटी सेव्ह दाबायला विसरू नका, मधेच रिसीव्हर उचलला किंवा बॅक दाबलं तर लिहिलेलं जाऊ शकतं.

मिस्ड कॉलमधून सेव्ह करायचं असेल तर हिस्टरी दाबा, त्या नंबरावर या, ऑप्शनमध्ये लोकल डिरेक्टरीत टाकायचा पर्याय आहे. सोपं पडतं म्हणून सगळे हेच करतात, आणि इथेच पहिल्या नियमाची वाट लागते, कारण नंबर जसा आला तसाच सेव्ह होतो, म्हणजे बहुतेक वेळा बिनशून्याचा. तेव्हा सेव्ह करताना शून्य लावा. आणि नुसतं मिस्ड कॉलवर उलट लावायचं असेल तरी तीच अडचण, तिथे ऑप्शनमध्ये लावण्याआधी एडिट करायची सोय आहे ती वापरा. मगाशी म्हटलं ना सिस्टिममध्येच शून्य लावायचा नियम असला तर बरं, ते यासाठी, तो असला की हिस्टरीतून थेट लावलेलाही लागतो.

पण खरी यादी दीडशे दोनशे नावांची असते आणि ती असल्या बटणांनी भरायची म्हणजे अंगठ्याला घट्टे पडतील. त्यासाठी कॉम्प्युटरवरून भरा. फोनवर ओके चं बटण नुसतं एकदा दाबलं की फोनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिसतो, १९२.१६८ वगैरे काहीतरी, तो आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये वरती टाकायचा, लॉगिन येतं. तिथे पासवर्ड जर अजून ॲडमिन-ॲडमिनच असेल तर आधी तो बदला आणि वेंडरला चार शब्द सुनवा. (हो आणि ओके दाबून धरून ठेवू नका. दहा सेकंद धरलं तर तो फॅक्टरी रिसेट करू का विचारतो, आणि तिथे हो म्हटलं की कॉन्टॅक्टसकट सगळं साफ.)

आत डिरेक्टरीचा टॅब आहे, त्यात लोकल डिरेक्टरी. तिथे आधी एक्सपोर्ट करा म्हणजे यादी फाईल म्हणून बाहेर काढा, सीएसव्ही मध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकुराची फाईल). काही भरलेलं नसेल तर दोन चार नावं हाताने भरा आणि मग एक्सपोर्ट करा, म्हणजे कुठल्या कॉलममध्ये काय येतं ते तयार मिळतं, स्वतःच्या मनाने फाईल बनवू नका. मग ती एक्सेलमध्ये उघडून खाली आपली नावं भरायची.

आणि इथे एक्सेल तुमचा घात करणार. एक्सेलला वाटतं हा आकडा आहे, आणि आकड्याच्या पुढच्या शून्याला काय किंमत, म्हणून तो शून्य उडवतो. तुम्ही ०९८ टाकता, तो ९८ करतो, गुपचूप. बारा आकडी असेल, म्हणजे ९१ लावलेला, तर त्याचं ९.१९ ई+११ असलं काहीतरी करून ठेवतो. तेव्हा भरायच्या आधी नंबरांचे कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करा, मग भरा. आणि हे सगळं नीट करून सेव्ह केलं, बंद केलं, आणि "जरा बघूया नीट झालंय का" म्हणून तीच सीएसव्ही डबल क्लिक करून परत एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की गेली सगळी शून्यं. कारण सीएसव्ही मध्ये फॉरमॅट राहत नाही. मी हे दोनदा केलंय, दुसऱ्यांदा तर रात्री साडेआठला. बघायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. आणि मूळ यादी साध्या एक्सेल फाईलमध्ये ठेवा, बदल नेहमी त्यात करायचे, सीएसव्ही फक्त त्यातून काढायची आणि फोनला द्यायची. त्या मूळ फाईलीत लावायच्या नंबराच्या बाजूच्या कॉलमला अक्षरं मोजायचा फॉर्म्युला लावून ठेवा (लेन म्हणतात तो), जिथे ११ येत नाही तिथे बघा, हे त्या मगाचच्या खुणेसाठी.

इम्पोर्ट करताना फोन प्रत्येक कॉलमला विचारतो हे काय आहे, नाव का ऑफिस नंबर का मोबाईल, ते जुळवून द्यायचं, पहिली ओळ हेडिंगची असेल तर ती सोडायला सांगायचं. आणि तिथेच एक पर्याय असतो जुने कॉन्टॅक्ट डिलीट करायचे का. हे वाचा. नीट वाचा. मी न वाचता रिसेप्शनच्या फोनवर तो चालू ठेवून इम्पोर्ट केलं आणि रिसेप्शनच्या मॅडमनी चार महिने एकेक करून भरलेले साठ नंबर उडवले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं ड्रॉवर उघडून ती जुनी डायरी काढून टेबलावर ठेवली. तेव्हापासून माझा नियम, इम्पोर्टच्या आधी त्या फोनचं एक्सपोर्ट, फाईलच्या नावात तारीख, मगच पुढे.

जागेचं टेन्शन नाही, या फोनमध्ये लोकल यादीत १००० पर्यंत नावं बसतात. पण बसतात म्हणून भरू नका, दोनशेच्या पुढे गेली की शोधणं कंटाळवाणं होतं.

१४ फोनांना एकेक करून हे करायचं का? आम्ही पहिल्यांदा तसंच केलं, अर्धा दिवस गेला. नंतर कळलं की रिमोट फोनबुक म्हणून सोय आहे, यादीची एक एक्सएमएल फाईल (फोनला वाचता येईल अशा साच्यातली) ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायची आणि प्रत्येक फोनला फक्त तिचा पत्ता द्यायचा, फोन तिथून वाचतो. अशा पाचपर्यंत याद्या जोडता येतात. फाईलमध्ये एकदा बदल केला की सगळीकडे बदलतो. सर्व्हर बंद असला तर यादी गंडू शकते म्हणून महत्त्वाचे वीसेक नंबर लोकलमध्येही ठेवा. हे सेट करायला वेंडर किंवा आयटीवाला लागेल, पण पाचपेक्षा जास्त फोन असतील तर मागे लागून करून घ्याच.

वापरताना शोधायचं कसं, तर डिरेक्टरीत जाऊन सर्च, नावाची दोन तीन अक्षरं. कामाचा शब्द आधी ठेवला असेल तर इथे त्याचं सार्थक होतं. नंबर हाताने लावत असाल तर शेवटी चौकट (हॅश) दाबा, लगेच लागतो, नाहीतर फोन अजून आकडे येतायत का म्हणून थोडा वेळ थांबतो आणि लोकांना वाटतं अडकला.

फोन दुसऱ्याला देताना पण डिरेक्टरी वापरता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बोलत असताना ट्रान्सफर दाबा, मग डिरेक्टरी, नाव निवडा. आता दोन प्रकार, एक म्हणजे सरळ ढकलून द्यायचा, आणि दुसरा म्हणजे आधी त्याला फोन लावून "साहेब अमुक पार्टीचा फोन आहे, देऊ का" विचारायचं आणि मग परत ट्रान्सफर दाबायचं. बाहेरच्या माणसाला नेहमी दुसऱ्या प्रकाराने द्या. सरळ ढकललेला फोन रिकाम्या खुर्चीवर वाजत राहतो आणि पार्टी परत रिसेप्शनला फोन करून ओरडते.

रिसेप्शनचा फोन मोठा आहे त्याचं कारण स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ बटणं आहेत, आणि तीन पानं करून त्यावर २१ गोष्टी बसतात. ही बटणं दोन प्रकारे लावता येतात, स्पीड डायल म्हणजे दाबलं की ठरलेला नंबर लागतो, आणि बीएलएफ, म्हणजे ऑफिसातलं एक्स्टेन्शन, त्यात दिवा पण लागतो, तो माणूस फोनवर बोलत असेल तर लाल दिसतो. आतल्या लोकांसाठी बीएलएफच घ्या, मॅडमना मान वर करून केबिनकडे बघावं लागत नाही. बटण थोडा वेळ दाबून धरलं की सेटिंग उघडतं. कोणाला कुठलं बटण द्यायचं हे मात्र हुद्द्यावरून ठरवू नका. आमच्याकडे पहिल्या पानावर सगळे डायरेक्टर होते ज्यांना दिवसातून एक फोन येतो, आणि स्टोअर, डिस्पॅच, गेट तिसऱ्या पानावर. मॅडमनी एक आठवडा कागदावर रेघा मारून मोजलं कोणाला किती फोन दिले आणि त्याप्रमाणे बटणं फिरवली. डायरेक्टर दुसऱ्या पानावर गेले, त्यांना अजून माहीत नाही.

ब्लॅकलिस्ट पण असते, त्यात टाकलेल्याचा फोन आपोआप कटतो. एखादा ठराविक नंबर त्रास देत असेल तर ठीक, पण १४० ने सुरू होणारे मार्केटिंगवाले दर वेळी वेगळ्या नंबरवरून करतात, ते एकेक टाकत बसण्यात अर्थ नाही. आणि टाकताना चुकून १६०० वाला टाकू नका, ती सीरिज बँका, इन्शुरन्सवाले यांच्या कामाच्या कॉलसाठी दिलेली आहे.

आता सडण्याचं. यादी भरणं एका दिवसाचं काम आहे, ती जिवंत ठेवणं हे खरं काम, आणि ते सगळ्यांचं मिळून कधीच होत नाही, एकाचंच व्हावं लागतं. आमच्याकडे मूळ एक्सेल फाईलीत बदल फक्त मी करते. बाकीच्यांना नवीन नंबर मिळाला की ते ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, "स्टील, नवीन नंबर" एवढं लिहून, आणि मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसून भरते. डिलीट करायचं असेल तर लगेच करत नाही, नावाआधी दोनदा झेड लावते म्हणजे तो यादीच्या तळाला जातो, तीन महिन्यात कोणी विचारलं नाही तर काढून टाकते. एकदा एक जुना क्रेनवाला असाच तळाशी सापडला आणि पावसात अडकलेली गाडी काढायला त्या दिवशी तोच आला.

कोणी नोकरी सोडून गेलं की त्याच्या टेबलावरच्या फोनमधली स्वतंत्र यादी आधी एक्सपोर्ट करून बघा, सेल्सवाल्यांच्या फोनमध्ये पार्ट्यांचे असे नंबर असतात जे कुठेच नाहीत, आणि मग ती साफ करा. लोक बायकोचा, शाळेच्या बसवाल्याचा, बचत गटाचा नंबर पण ऑफिसच्या फोनमध्ये टाकून ठेवतात, ते नवीन माणसाच्या हाती जायला नकोत. ऑफिसच्या सामायिक यादीत तर कोणाचा घरचा नंबर त्याला न विचारता टाकूच नका.

परवाच आमच्या मॅडमना विचारलं, आता सगळं फोनमध्ये आहे तर ती डायरी स्टोअरला टाकायची का. म्हणाल्या, लाईट गेली आणि यूपीएस बसला की तुमचे चौदाही फोन आंधळे होतात, तेव्हा कोणाला विचारणार? मग काय, दर महिन्याला बदल झाले की एक प्रिंट काढून त्या डायरीतच चिकटवून देते.